तळाशी बसलेला काटा
इंजिन तापल्याचं सांगणारा काटाच ज्याने बंद केला, त्याला तुम्ही काका म्हणाल? इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा गोडसर वास आला की मला परदेशातली, टार्निट उपनगरातली ती रणरणती दुपार आठवते. मी चालवत असलेल्या जुन्या ट्रकचा तापमानाचा काटा महिनाभर तळाशीच होता, म्हणून बॉनेट उघडलं, तर सेन्सरची वायर काढून टेपने नीट गुंडाळलेली. ती जोडून इंजिन चालू ठेवलं, तर दहा मिनिटांत काटा लालवर. मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणायचो, शांतपणे म्हणाले, “मीच काढली रे. काटा चढला की तुम्ही गाडी थांबवता, डिलिव्हरी लेट होते.” “आणि फ्रीवेवर बंद पडली तर?” “नो वरीज, तू आपलाच माणूस, घे सांभाळून.” मी चावी त्यांच्या हातात ठेवली. चीड अजून गेलेली नाही. उद्या गाडी काढण्याआधी तुमच्या सेन्सरची वायर तपासा, आणि काढलेली असेल तर कुणाच्याही भिडेला पडू नका.