जुनी प्रिंट परत आणायची होती

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकेल, आणि अक्षर तर कधी कधी माझं मलाच लागत नाही. त्याबद्दल माफी असावी. ही वही कुणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून मोकळं झालेलं बरं.

नवरा गेल्यावर त्याच्या कंपनीनं मला चिकलठाण्याच्या कारखान्यात प्रिंटच्या खोलीत घेतलं. इंजिनियर लोक पातळ कागदावर ड्रॉइंग काढत. मी तो कागद पिवळ्या कागदावर ठेवून मशीनमधून काढायची. अमोनियाची वाफ लागली की निळ्या रेघा उमटायच्या. त्या वासानं डोळ्यांतून पाणी यायचं, म्हणून तिथं कुणी थांबत नसे. दिवसभरात माझ्या तोंडून दहा शब्द निघाले तर खूप. माझ्या लाजऱ्या स्वभावाला ते बरं होतं, पण दिवस संपता संपत नसे.

मग ऑफिसात एक मुलगी आली. इंजिनियर, पण एक वर्ष शिकाऊ. वर्षानंतर साहेब ठरवणार, कायम करायचं की घरी पाठवायचं. सगळ्या टेबलांवर पुरुष, ती एकटी मुलगी. एक दिवस डबा घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"मावशी, इथं बसू?"

"वास येतो लई."

"येऊ द्या. तिकडं सगळे माझ्या डब्यात बघतात."

तेव्हापासून ती रोज यायची. सहा महिने तिला दुसऱ्यांची ड्रॉइंगच गिरवायला दिली होती. "कॉलेजात मोठमोठी गणितं केली, मावशी. इथं म्हणतात, आधी रेघ सरळ मार," असं म्हणून ती हसायची. मला गणितातलं काही कळत नव्हतं, पण कुणी सांगतंय याचंच बरं वाटायचं.

पुढं तिला तिचं पहिलं काम मिळालं. मोटर बसवायची लोखंडी प्लेट, तिला चार भोकं. ड्रॉइंग झालं, त्याची प्रिंट मी काढली आणि ती शॉपमध्ये, म्हणजे मशिनी चालतात त्या शेडमध्ये गेली. फिटर म्हणाला, भोकं प्लेटच्या उभ्या कडेला चिकटून आहेत, पाना फिरायला जागाच नाही. तिनं ते मान्य केलं. भोकं सरकवून ड्रॉइंग बदललं आणि मी नवी प्रिंट काढली.

आमच्याकडं नियम होता. नवी प्रिंट द्यायची तर जुनी परत घ्यायची, फाडायची आणि रजिस्टरात खूण करायची. पण कारागिरांचा जीव जुन्या प्रिंटवर असायचा. त्यांची मापं, खुणा, सगळं पेन्सिलनं तिच्यावरच लिहिलेलं असे. नवी प्रिंट घेऊन मी शॉपच्या दारात थांबले. आत नुसते पुरुष. ड्रिलिंग मशीनवरचे चाचा छावणीत राहायचे. त्यांनी दारात येऊन नवी प्रिंट घेतली.

"चाचा, जुनी द्या."

"रहने दो ना अम्मा. उसपे मेरा सब लिखेला है. शाम को देतूं."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई दारातूनच बोलती. आत काय वाघ बांधलाय व्हय?" सगळे हसले. मी मान खाली घालून परत आले आणि रजिस्टरात खूण करून टाकली. संध्याकाळी पुन्हा गेले नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा रजेवर होते. बदली माणसानं मशीनवर टांगलेली जुनी प्रिंट बघून चोवीस प्लेटांना भोकं पाडली. सगळ्या प्लेटा भंगारात गेल्या.

साहेबांनी त्या मुलीला समोर उभं केलं. "रजिस्टर सांगतं, जुनी फाडली. मग ही कुठून आली? तूच परस्पर दुसरी प्रत दिली असशील."

"नाही सर."

तिच्या पगारातून नऊशे रुपये कापायचं ठरलं. कायम करायचं नंतर बघू, असं साहेब म्हणाले. मी शेजारच्या टेबलावर प्रिंटा ठेवत होते. सगळं ऐकलं आणि प्रिंटा ठेवून माझ्या खोलीत परत आले.

दुपारी ती जेवायला आली. "मावशी, जुनी तुम्ही फाडली होती ना?"

"व्हय," मी म्हणाले.

ती जेवली, डबा धुतला आणि गेली. तिला पुन्हा गिरवायचं काम दिलं. एक रेघ ती तीनतीनदा मोजायची. तीन हप्त्यांत नऊशे कापून झाले. वर्ष संपत आलं तेव्हा म्हणाली, "बाबांना पत्र टाकलंय, सामान न्यायला या म्हणून."

त्या दिवशी माझा डबा तसाच राहिला. उठून साहेबांकडं गेले.

"साहेब, ती खूण खोटी आहे. मी जुनी प्रिंट घेतलीच नव्हती."

"का नाही घेतली?"

"आत जायची लाज वाटली."

साहेबांनी रजिस्टर मागवून ती खूण बघितली. मग तिला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं, चूक तुझी नव्हती. महिन्यात तिला कायम केलं. कापलेल्या पैशांचं मात्र म्हणाले, "ते आता हिशोबात गेलं. तुमचं तुम्ही बघा."

 पण ती माझ्याकडं जेवायला यायची बंद झाली. तिचं काम वाढलं होतं, असंही असेल. मी पुन्हा एकटी जेवू लागले. पूर्वीही एकटीच जेवायचे, पण आता घास लवकर उतरत नसे.

दर पगाराला मी शंभर रुपये पाकिटात घालून तिच्या टेबलावर ठेवायची. पहिल्यांदा ती "नको मावशी" म्हणाली. मी पाकीट ठेवून निघून आले. पुढं ती ड्रॉइंगवरून मान न काढताच पाकीट खणात टाकायची. ती आता मोठी कामं करत होती, तिच्या नावाची ड्रॉइंग माझ्याकडं येत होती.

नवव्या पगाराला मी म्हणाले, "हे शेवटचे."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. पाकीट उघडून नोट बघितली.

"झाले पूर्ण, मावशी."

"व्हय," मी म्हणाले. नऊशे पूर्ण फिटले.