निमजे काकांसाठी इक्वलायझर निवडताना

वासुदेवराव निमजे यांना मी प्रथम पाहिले ते पाठमोरे. बारावीत शिक्षण सुटल्यावर मी नागपूरच्या जरीपटका भागातल्या एका दुकानात अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करीत असे. असाच एक दुरुस्त केलेला अ‍ॅम्प्लिफायर पोहोचवायला गांधीबागेत, त्यांच्या घराच्या माडीवरच्या स्टुडिओत गेलो. मे महिना होता. खिडक्या बंद, कूलरही बंद, आणि काका भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून एक खंजिरी भजन ऐकत बसले होते. सदरा घामाने पाठीला चिकटला होता. भजन संपल्यावर ते वळले.

"कूलर लाव गा पह्यले. आन सांग, खंजिरी कशी वाटली?"

"थोडी दबल्यासारखी," मी भीत भीत म्हणालो.

"काहून?"

मला सांगता आले नाही. "मग शिकून घे," ते म्हणाले. त्या उन्हाळ्यापासून मी त्यांच्याकडे आहे.

काकांचे काम काय, हे त्यांच्या ओळखीच्या पुष्कळांना आजही नीट ठाऊक नाही. गाणे ध्वनिमुद्रित झाले, सगळी वाद्ये एकत्र जुळवून झाली, की बाहेर पडण्यापूर्वी त्याच्यावर शेवटचा हात फिरतो. त्याला मास्टरिंग म्हणतात. या कामातले मुख्य यंत्र म्हणजे इक्वलायझर. आवाजातला जाड भाग, मधला भाग आणि अगदी बारीक वरचा भाग त्याच्या बटणांनी कमी-जास्त करता येतो. संगणकातही हे करता येते. पण काकांना बटण बोटात धरून ऐकण्याची सवय. ऐकताना कूलर बंद ठेवायचा, हा त्यांचा नियम. कूलरच्या घरघरीत बारीक आवाज बुडतो, म्हणून नागपूरच्या उन्हाळ्यातही त्यांनी हा नियम कधी मोडला नाही.

एकदा खडी गंमत या लोकनाट्यात गाणारे एक वृद्ध शाहीर आले आणि म्हणाले, "निमजे भाऊ, गळा म्हातारा झाला गा. मशीनीतून जरा जवान करून द्या."

"जवान गळा पाह्यजे असन तर पोराले गायले लावा," काका म्हणाले. "तुमचा आहे तो मी बदलत नाही. साफ ऐकू येईन एवढं करून देतो."

शाहीर रुसून जिन्यापर्यंत गेले. काकूंनी चहा पाजून त्यांना परत बसवले. तयार झालेले गाणे त्यांनी दोनदा लावायला सांगितले. मग म्हणाले, "माह्या बापासारखा आवाज आहे."

माझ्यावर काकांचे उपकार पुष्कळ आहेत. मला कोणतीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय चैन पडत नाही. दुकानात यावरून माझी रोज थट्टा होई. काकांनीही केली, पण वेगळी. "घाबरटच माणूस लागते इथं," ते म्हणत. "बेफिकीर माणूस एका दिवसात साऱ्या गावाचे गाणे बिघडवून ठेवन."

काकांची साठी जवळ आली तेव्हा सत्कार समितीने ठरवले, की शाल-श्रीफळासोबत त्यांना नवा इक्वलायझर द्यावा. जुन्याची बटणे फिरवताना खरखर येऊ लागली होती. एका व्यापाऱ्याकडून दोन यंत्रे तपासून पाहण्यासाठी आली. एक जुन्या रेडिओसारखे, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेले. त्याने आवाजाला ऊब येते. तसे यंत्र आपल्याकडे असावे, असे काका मी आल्यापासून बोलत होते. दुसरे टप्प्यांचे. त्याचे बटण सरळ फिरत नाही, टक टक करीत एकेका टप्प्यावर थांबते.

काकांची तपासण्याची पद्धत अशी: ऐकणाऱ्याने भिंतीकडे तोंड करायचे, दुसऱ्याने मागे बसून बटण हळूहळू वाढवायचे. आवाज टोचायला लागला, की ऐकणारा "पुरे" म्हणणार. जे यंत्र उशिरा आणि कमी टोचेल ते चांगले. कूलर बंद केला. रामटेकच्या एका मंडळाचे खंजिरी भजन लावले. जाड भाग झाला, मधला झाला. प्रत्येक वेळी काकांनी नेमक्या जागी "पुरे" म्हटले. व्हॉल्व्हच्या यंत्रावर तर खूश होऊन मांडीवर ताल धरला.

मग वरचा भाग आला. खंजिरीच्या चकत्यांची किणकिण तिथे असते. मी बटण वाढवू लागलो. काका काही बोलेनात. मी आणखी वाढवले. चकत्या माझ्या दातांत वाजू लागल्या. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून काकू दारात आल्या.

"अहो, काय किसून राहिले तुम्ही? कानात सुया जाऊन राहिल्या माह्या!"

काका डोळे मिटूनच म्हणाले, "थांब वं, आत्ताच तं सुरू केलं. वाढव गा जरासं."

वाढवायला काही उरले नव्हते. मी बटणावरून हात काढला. काकांनी डोळे उघडले, मागे वळून बटणाकडे पाहिले, मग काकूंच्या तोंडाकडे पाहिले. त्यांनी स्वतःच उठून भजन बंद केले.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, की काकांच्या कानांतून वरचा बारीक आवाज गेला आहे आणि तो परत येणार नाही. कधीपासून गेला, हे कोणालाच सांगता येईना. गेल्या काही काळातली गाणी आम्ही पुन्हा लावली. त्यांत खंजिरी टोचत होती, झांज टोचत होती. कमी ऐकू येई, म्हणून काका वाढवत गेले होते. मला ते जाणवले होते. पण काकांचे कान आणि माझे कान यांत चूक माझीच असणार, असे मी धरून चाललो.

काकांनी त्या सगळ्या मंडळींना स्वतः फोन केले. "तुमचं काम माह्या हातून खराब झालं. आणा, पुन्हा करून देतो." एकानेही राग धरला नाही. काकांना तेच जास्त लागले.

दोनांपैकी एक यंत्र परत पाठवण्याचा दिवस आला तेव्हा मी विचारले, "व्हॉल्व्हचे ठेवू ना?"

"ते मले पाह्यजे होतं. आता काय करू त्याचं?" ते म्हणाले. "टप्प्याचं ठेव. तुह्या मनाचा तुलेच भरोसा नाही. काल जिथं थांबला होता, तिथं आज टक करून सापडन तरी."

म्हणजे समितीने सत्कारासाठी दिलेले यंत्र काकांनी माझ्यासाठी निवडले आहे. वरचा भाग आता मी ठरवतो. काका शेजारी बसून असतात. मी टप्पा सांगतो, ते मान डोलावतात. बरोबर की चूक, हे ते सांगू शकत नाहीत, आणि ज्याला विचारावे असा दुसरा माणूस मला या शहरात ठाऊक नाही. प्रत्येक गाणे बाहेर जाताना वाटते, हे मी बिघडवले.

सत्काराच्या अंकासाठीच्या या लेखात हे लिहू का, असे मी त्यांना विचारले. "लिहिजो," ते म्हणाले. "लोक माह्या कानावर भरोसा ठेवून गाणे देऊन राहिले. त्यायले माहीत नको?"

समितीने आनंदाचा लेख मागितला होता. तो मला जमला नाही, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. काकांना दीर्घ आयुष्य मिळावे आणि त्यांची प्रकृती चांगली राहावी, एवढीच माझी प्रार्थना आहे. माणसांचे बोलणे अजून त्यांच्यापर्यंत नीट पोहोचते. हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतले आहे. पुढचे त्यांनी काही सांगितले नाही. तेव्हा काकांविषयी ज्यांच्या मनात काही चांगले असेल, त्यांनी ते त्यांच्यासमोर बसून, त्यांच्याकडे तोंड करून बोलावे. आणि त्यासाठी पंचाहत्तरीच्या सत्कारापर्यंत थांबू नये.