बाळाची गोळी

आमच्या घरी उठता-बसता गोळी. नवऱ्याचं कशावरून बिनसलं की तो म्हणायचा, "गोळी मार त्याले!" दलालानं सूत द्यायला उशीर केला की, "गोळी देऊन राहिला थो आपल्याले," म्हणजे बनवून राहिला. डोकं दुखलं की गोळी, शेजारचं पोर रडलं की लिमलेटची गोळी, ट्रंकेत लुगड्यांखाली डांबरगोळी. बंदुकीची तेवढी टॉकीजमध्येच पाहिली. आणि एक होती सासूच्या कमरेच्या बटव्यात. काळी, मोहरीएवढी. तिला नुसतं 'बाळाची गोळी' म्हणत. अफू म्हणायची कोणाची टाप नव्हती.

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. नवरा हातमागावर विणायला बसायचा, मी आणि सासू चरख्यावर त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरायचो. कांडी संपली की माग थांबला, माग थांबला की चूल थंड. माझी पोरगी तान्ही होती. तिनं रडू नये म्हणून सासू सकाळीच दुधात गोळी उगाळून चाटवायची. सगळ्या मोहल्ल्यात हेच. मला पटत नव्हतं, पण बोलायला अंगात जीव कुठं होता? पाठ, डोळे, बोटं, सगळं दुखायचं. खरं सांगते, जगण्याचाच कंटाळा आला होता.

एके दिवशी दुपार झाली तरी पोरगी दुधाला उठली नाही. हलवलं, तळपाय चोळले, तोंडावर पाणी मारलं. डोळे किलकिले करायची, पुन्हा मिटायची. तिला उराशी धरून अंगणात उन्हातान्हात फेऱ्या मारत राहिले, गाल थोपटत राहिले. ऊन उतरलं तेव्हा कुठं तिनं भोकाड पसरलं. मी तिथंच मातीत बसले आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं रडले.

मग घरात शिरून सासूला म्हटलं, "आत्याबाई, माह्या पोरीले आता गोळी नाही द्यायची."

तिनं चरखा थांबवला नाही. "तुह्या नवऱ्यालेही दिली होती वं. झाला ना मोठा?"

"आज मेली असती ती!"

चरखा थांबला. "त्याच्या आधीच्यालेही दिली होती," ती म्हणाली. "थो नाही उठला."

नवऱ्याला मोठा भाऊ होता, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. संतापानं माझं डोकं भणभणलं. "अन् तरी हिले दिली? काहून?"

"मंग माग कसा चालंल वं?" रागानं नव्हे, थकून विचारलं तिनं. मी तिच्या कमरेचा बटवा ओढून काढला. तिनं ओढू दिला.

पुढे पोरीला पोटाशी बांधूनच मी कांड्या भरल्या. ती रडली की माझा हात थांबायचा, माग थांबायचा, नवरा आतून ओरडायचा, "चूप कर ना वं तिले!"

आणि सासू चरख्यावरून मान वर न करता म्हणायची, "रडू दे गा. रडू दे तिले."