आजच्यापुरतं बोला

आपण दारुडे आहोत हे माझ्या बायकोच्या मामांइतक्या खणखणीत आवाजात सांगणारा माणूस महाड-पोलादपूरच्या मुलखात त्यांच्या आधी झाला नाही आणि पुढे होईलसं वाटत नाही. दारूबंदीचा काळ होता. पिणारे गप्प बसत, न पिणारे पिणाऱ्यांची नावं कुजबुजत; आणि हा गृहस्थ वर्षानुवर्षं थेंबाला शिवलेला नसताना कंडक्टरला, पोस्टमनला, पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी पाहुण्याला आधी हात जोडून सांगायचा, "मी दारुडा हाय. आज प्यालेलो नाय." एकदा त्यांच्या पुतणीला बघायला बिरवाडीकडची मंडळी आली. पोहे हातात आले, मुलाच्या बापाने रीतीप्रमाणे "आपण काय करता?" विचारलं आणि मामांनी आपलं ठरलेलं वाक्य सांगितलं. बशा खाली ठेवल्या गेल्या, मंडळी चपला शोधू लागली. मामा शांतपणे म्हणाले, "जाताय तर जावा. पण घरी गेल्यावर 'मी दारुडा हाय का' ह्ये आपण आपल्याला एकदा विचारा." मुलाचा बाप उंबऱ्यात थांबला तो थांबलाच. लग्न तर झालंच, पुढे तो व्याही दर गुरुवारी मामांच्या बैठकीला येऊ लागला.

ही बैठक मामांनी मुंबईहून आणलेली. गोदीत ओझी उचलता उचलता पिणं हाताबाहेर गेलं, तेव्हा तिथला एक गोवेकर फोरमन त्यांना एका चर्चच्या मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे दारुडे गोल बसून आपापलं सांगत, कुणी कुणाला उपदेश करत नसे, आणि आपल्याहून मोठ्या कुणावर तरी भार टाकून बारा पायऱ्या चढायच्या असत. सगळं बोलणं इंग्रजीत. फोरमन कानात हिंदी करून सांगे, मामा मनात मराठी करत. गावी परतेपर्यंत बारांतल्या पाच पायऱ्या मुंबईतच राहिल्या होत्या. पण पोलादपूरच्या वर कशेडीच्या अंगाला त्यांचं जे गाव, तिथल्या भैरीच्या देवळाला नेमक्या सातच पायऱ्या निघाल्या आणि मामांची शंका फिटली. नवा माणूस सगळ्यात खाली बसे, निभावत गेला की वर सरके, घसरला की पुन्हा खाली. मामा स्वतः मात्र कायम सगळ्यात खालच्या पायरीवर. कारण विचारलं तर म्हणत, "हितनं पडलो तरी लागत नाय."

दारुडे जमतात अशी खबर लागून एकदा पोलादपूरहून हवालदार आला. त्याने तांब्या हुंगला, किटली हुंगली, शेवटी माणसं हुंगली. गवती चहाखेरीज कशाचाच वास येईना तेव्हा तो चिडला. "मग तुमच्यात दारुडा कोण?" सगळ्यांनी हात वर केले. आता ह्याला कलम कुठलं लावायचं ते हवालदाराला सुचेना. मामांनी त्याला चहा दिला आणि विचारलं, "साहेब, तुमी कंच्या पायरीवर बसताय?" हवालदार चहा न पिता गेला, ह्यावरून गाव काय ते समजलं.

पण मामांचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण कोंबडीचं. ज्यांचं वाईट केलं त्यांच्या दारी जाऊन कबूल करायचं, ही पायरी त्यांना पक्की आठवत होती. वरच्या आळीतल्या एका म्हातारीची कोंबडी त्यांनी पूर्वी कधीतरी दारूबरोबर भाजून खाल्ली होती. ते तिच्या अंगणात जाऊन तसं म्हणाले. म्हातारीच्या हातातलं सूप पडलं. कारण त्या कोंबडीचा आळ तिने आपल्या जावेवर घेतला होता, आणि नुसता घेतला नव्हता, नारळ ठेवून जावेला देवावर घातलं होतं. 'जिने माझं खाल्लं तिचं तू बघ' असं भैरीपुढे गाऱ्हाणं झालं होतं. त्याच पावसाळ्यात जावेची गाभण गाय कड्यावरून पडून मेली, आणि भैरीचा न्याय अख्ख्या गावाने मान डोलावून मान्य केला होता. दोघी जावा तेव्हापासून एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. त्या दिवशी प्रथमच एक झाल्या, मामांना शिव्या द्यायला. मामा खाली मान घालून सगळ्या ऐकत राहिले. मधेच एकदा "ही शिवी नवीन हाय गो" एवढंच म्हणाले. खरा घोळ देवळात झाला. गुरव पेचात पडला. "कोंबडी तू खाल्लीस, मग गाय तिची कशी गेली? देव चुकला म्हनतोस?"

"देव कशाला चुकंल. शेवाळावरनं पाय घसरला नि गाय गेली. तुमी देवाला मधे ओढलात."

गावाला हे पटलं नाही. मला मात्र ते वाक्य ऐकून दरदरून घाम आला. त्याचं कारण मी त्या वेळी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

मी महाडला एका भाताच्या गिरणीवर कारकून होतो आणि चोरून पीत होतो. हिला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सासऱ्यांनी मला ह्याच भैरीपुढे बेलभंडारा उचलायला लावला होता. बेलाचं पान आणि हळद मुठीत धरून 'जन्मात शिवणार नाही' म्हणायचं. मोडली तर देव घरात शिरतो आणि माणूस नेतो, असं सगळे मानत. मीही मानत होतो. ही बाळंतपणाला माहेरी राहिली, मी महाडला परतलो आणि महिन्याच्या आत शपथ मोडली. मुलगा झाला आणि पाचवी पुजायच्या आधीच गेला. सगळे म्हणाले, नशीब. मला मात्र ठाऊक होतं, निदान मी तसं धरून चाललो होतो, आणि जे ठाऊक होतं ते विसरायला आणखी पीत होतो.

हिला पुन्हा दिवस गेले. ह्या वेळी माझं पिणं लपलं नव्हतं. सातव्या महिन्यात ती माहेरी गेली आणि सासऱ्यांचा निरोप आला: येऊन बेलभंडारा उचला, नाहीतर पोरगी आमच्याकडेच राहील. बसमधून जाताना सारखं एकच मनात होतं. उचलला नाही तर बायको जाते. उचलला तर मी मोडणार, माझी मला खात्री होती, आणि मग हेही मूल जाईल.

सांजवेळ होती. गुरवाने तबकात बेल आणि भंडारा मांडून ठेवला होता. सासरे उभे होते. ही खांबाला टेकून, पदर पोटावर ओढून. मामा बाहेर खालच्या पायरीवर पाठमोरे.

"उचला जावय," सासरे म्हणाले. "ह्या खेपेला दमानं बोला. मागच्यावानी पुटपुटू नका."

मी हात पुढे केला. बोटं हळदीला लागली. तेवढ्यात मामा आत आले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. गोदीतला हात, सुटेना.

"भावजी, जन्माची शपथ ह्येला देऊ नका. मी सात घेतल्या हायत. सातवी घेऊन देवळातनं सरळ भट्टीवर गेलो हुतो."

"तुमी मधे पडू नका. पोर जाईपर्यंत मागची त्यांनी पाळली."

मनगट मामांच्या हातात होतं म्हणूनच की काय, मला बोलता आलं. "नाही," मी म्हणालो. "मागची मी मोडली. महिनाही झाला नव्हता."

गुरवाने तबक मागे घेतलं. सासऱ्यांचं तोंड उघडलं ते मिटेना. मी हिच्याकडे बघू शकलो नाही. जे कानावर यायची मला दोन वर्षं भीती होती ते सासरे हळूच बोलले. "म्हंजे आमचं पोर..."

"पोर तापानं गेलं," मामा म्हणाले. त्यांचा खणखणीत आवाज त्या दिवशी लागत नव्हता. "मी हुतो हितं. सुईण हुती. कोंबडीपायी गाय जात नाय, भावजी, नि बापाच्या दारूपायी पोर मारंल असला देव असंल तर मी त्येच्या पायरीवर बसायचा नाय." मग माझ्याकडे वळून, "आज प्यालास?"

"नाही."

"आज पिनार?"

"नाही."

"नि उद्या?"

"माहीत नाही, मामा."

"बस. आजच्यापुरतं बोलायचं."

सासरे "हे काय शपथेत येतं का" असं पुटपुटत होते. तेव्हा ही खांबापासून सरळ झाली. डोळे भरलेले नव्हते. भरलेले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मला का नाही सांगितलंत?" एवढंच तिने विचारलं. तिने माझ्या हळदीच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "उद्या संध्याकाळी या. तोंडाने सांगा. मग परवाचं बघू."

त्यानंतर रोज गिरणी सुटली की मी पोलादपूरची गाडी पकडायचो आणि वर चढून जायचो. ती दारात उभी असे. "आज नाही," मी म्हणे. ती तोंडाजवळ येऊन खात्री करून घेई, मग पाणी देई. एका संध्याकाळी मी पोलादपूरच्या भट्टीच्या वाटेवर बराच वेळ उभा राहिलो आणि तसा उभा होतो हेही तिला सांगितलं. त्या दिवशी तिने पाण्याबरोबर गूळ दिला. मुलगी झाली. पाचवी पुजली गेली. पाचवीच्या दिवशी मामा अंगणात दिवसभर बसून होते, आणि पूजा आटोपल्यावर उठून "आता जेवायला वाढा गो" म्हणाले, तेव्हा कळलं की त्यांनी सकाळपासून पाणीही घेतलं नव्हतं. देव पोरं मारत नाही हे मला शिकवणारा माणूस त्या दिवशी माझ्याइतकाच घाबरला होता.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, तुमचा भैरीवर खरंच विश्वास आहे का. मामा म्हणाले, "तो हाय का नाय ते त्येचं तो बघंल. मला सांज झाली की कुनापुढं तरी खरं बोलायला लागतं."

मामा गेले त्याला आता काही वर्षं झाली. बैठकीला येणारेही पांगले, कुणी मुंबईला, कुणी पुन्हा भट्टीवर. माझी भैरीकडे फेरी कमी झाली आहे. पण संध्याकाळी गिरणीतून महाडच्या घरी आलो की ही हातातलं काम ठेवून दाराशी येते. वास घ्यायचं तिने कधीच सोडलं आहे. नुसतं "आलात?" म्हणते.

"आलो," मी म्हणतो. उद्याचं अजूनही बोलत नाही.