मधला चौकोन
सोफा सरकवताना खाली कडांना मॅग्नेट असलेला प्लास्टिकचा एक लाल, पारदर्शक चौकोन सापडला आणि अमेरिकेत सनीव्हेलच्या अपार्टमेंटमधली ती दिवाळी आठवली. तिथे आकाशकंदील मिळेना, म्हणून लेकीच्या खेळातल्या अशा चौकोनांचा तो कसा करायचा ते तिला शिकवायला बसलो. मी चिप डिझाइन करणारा इंजिनियर, पण भिंती उभ्या करून छप्पर ठेवलं की सगळं कोसळायचं. चार वर्षांची ती शांतपणे म्हणाली, "बाबा, बिल्ड नको करू. जस्ट पिक इट अप." तिने कार्पेटवर एका चौकोनाला चारही बाजूंनी चार चौकोन चिकटवले आणि मधला अलगद उचलला. लोंबणाऱ्या भिंती खटखट जुळल्या. आत टॉर्च ठेवताच पांढऱ्या भिंतीवर लाल-निळा उजेड पसरला. मी तिला नेमकं काय शिकवणार होतो, ते मला आजही आठवत नाही.