राखेतलं नाव

हिंगणीत त्या वर्षी डोळ्यांची साथ आली आणि प्रौढ शिक्षणाचा वर्ग बंद पडला. मग शिकवणाऱ्या नलूबाई घरोघर फिरू लागल्या. नत्थूजीला सही आली तरच कालव्यावर चौकीदारी मिळणार होती. पण तेव्हा सरकार शिक्षकांनाही नसबंदीसाठी माणसांच्या याद्या करायला लावत होतं, म्हणून त्याने त्यांना दारातच अडवलं.

"घरी काऊन आल्या बाई? नसबंदीसाठी माणसं मोजून राह्यल्या का?"

"तुमची तं मांगंच झाली," आतून बायको रुख्माबाई म्हणाली. "दुसऱ्यांदा कोण करते?"

साथीने सुजलेल्या नत्थूजीच्या डोळ्यांना पाटी दिसेना, म्हणून बाईंनी चुलीची राख पसरली. डोळे मिटून नत्थूजीने बोटाने नाव लिहिलं.

"जमलं. कचेरीत असंच लिहा," बाई म्हणाल्या.

त्याने मान हलवली आणि नाव यादीत जायला नको म्हणून बाई उठायच्या आत तळहाताने सगळं पुसून टाकलं.