दिव्यातली पुराची रेघ

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत मी खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले, पण त्या मोटारमालकाइतका राग मला क्वचितच कुणाचा आला असेल.

तेव्हा आपल्या जिल्ह्याचं नाव कुलाबा होतं आणि मी महाडला फौजदार होतो. भर श्रावणातली गोष्ट. कोर्टाच्या कामासाठी अलिबागला गेलो होतो, तिथून परत आलो तर लॉकअपमध्ये एक नवा माणूस बसलेला. पोलादपूरच्या डोंगरावरच्या कुडपण गावचा, तिशीतला, महाडातल्या एका शेठच्या जुन्या विलायती टॅक्सीवर ड्रायव्हर. आदल्या दिवशी संध्याकाळी पोलादपूरच्या पुढे घाटात, धुक्यात, त्याच्या गाडीखाली गवताचा भारा घेऊन चाललेली एक बाई आली होती. जीव वाचला, पण पायाचा चुराडा झाला. फिर्याद शेठचीच होती. ड्रायव्हर दारू प्यायला होता, बेफाम गाडी हाकत होता, असं त्यात ठासून लिहिलं होतं.

गुन्हा जामिनाचा होता. पण जामीन राहणार कोण? याच्या गावाहून माणूस उतरून यायला वेळ, आणि सहा वर्षं ज्याची गाडी चालवली तो शेठ म्हणाला, "असल्या माणसाला मी ओळखत नाही." हे त्याने माझ्यासमोर, खुर्चीवर पाय पसरून, पान चघळत सांगितलं. दोषी ठरला असता तर ड्रायव्हरचं लायसन गेलं असतं, वर तुरुंग. डोंगरावरची मूठभर नाचणी आणि हे स्टिअरिंग, एवढ्यावर त्याचं घर चालत होतं.

डॉक्टरांच्या कागदात दारूचा वास नाही असं स्वच्छ लिहिलं होतं. म्हणजे फिर्यादीतली पहिलीच ओळ खोटी. मी ड्रायव्हरला बाहेर काढून समोर बसवलं.

"गाडी किती जोरात होती?"

"बैलगाडी पुढं गेली असती सायब, एवढी हळू. पन समोरचा काय दिसतच नव्हता. दिव्यात पानी हाय म्हनून शेठला चार येळा बोललो."

"मग शेठ काय म्हणाला?"

"फडका हाय ना, पूस आन् चल."

अंगझडतीत त्याच्याकडे विडीचं बंडल आणि एक तेलकट फडका निघाला होता. एवढाच मुद्देमाल. मी विचारलं, "पुसलंस?" तो म्हणाला, "पुसला. पानी आत, फडका भायर. काय उपेग?"

आरोपी सुटकेसाठी काहीही सांगतो, हे मला माहीत होतं. म्हणून सरकारी दवाखान्यात जाऊन त्या बाईचा जबाब घेतला. तिचा पाय फळीला बांधलेला. ड्रायव्हरला चार शिव्या देईल अशी माझी अपेक्षा होती. ती म्हणाली, "सायब, त्या मानसाला सोडा. मोटारीला दिवं व्हतं, पन उजेड नव्हता. गोधडीखाली कंदील ठेवल्यागत दिसत व्हतं. मला वाटला, गाडी लय लांब हाय." जिचा पाय गेला ती खरं बोलत होती, आणि ज्याच्या अंगाला ओरखडासुद्धा नव्हता तो खोटं. माझा संताप तिथूनच सुरू झाला.

परत येऊन मी गाडी पाहिली. दिवे आरशासारखे लख्ख! चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्या आवारात छप्पर नाही या सबबीवर हवालदाराने गाडी रात्रभर शेठच्या शेडमध्ये उभी करू दिली होती. हवालदाराला जे बोलायचं ते मी बोललो.

आता महाडचा श्रावण ज्याने काढला आहे त्याला सांगायला नको. चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते, काडेपेटी पेटत नाही. आमच्या ठाण्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाची काच आतून अशी धुरकट व्हायची की वेळ अंदाजाने वाचायची. त्या मोसमात या जुनाट गाडीचे दिवे एवढे कोरडे कसे? मी शेठला बोलावलं.

"दिव्यांना शेवटचा हात कधी लावला?"

"दोन वर्षांत नाही. कारणच पडलं नाही. माझ्या गाड्या टापटीप असतात, फौजदारसाहेब."

"लिहून घेऊ?"

"घ्या की."

घेतलं. खाली सहीही घेतली. मग दोन पंच बोलावले, बाजारपेठेतला एक किराणावाला आणि शाळेतले एक मास्तर, आणि त्यांच्यासमोर दिव्याची काच उतरवली. काचेभोवतीचं रबर कोरं करकरीत, नव्या चपलेसारखा वास येत होता. खाली पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कंपनीने एक बारीक भोक ठेवलेलं असतं, ते मेण घालून बुजवलेलं. आणि आतली चकचकीत वाटी, जी उजेड पुढे फेकते, तिच्या बरोबर मध्यावर तांबूस गंजाची आडवी रेघ. रेघेखाली सगळं काळं. काचेला उभ्या खाचांच्या पन्हळी असल्यामुळे बाहेरून हे दिसत नव्हतं.

किराणावाला वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, ही तर पुराची रेघ!"

सावित्रीचं पाणी घरात शिरलं की भिंतीवर अशीच रेघ उमटते. वर कितीही चुना मारा, ती पुन्हा वर येते. महाडात लहान पोराला विचारा, पाणी कुठवर चढलं होतं ते भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. दिव्यातही पाणी अर्ध्यावर चढलं होतं, आणि एक-दोन दिवस नव्हे, बरेच महिने साचून राहिलं होतं. शेठने काच पुसून घेतली, रबर बदललं, पण वाटी बदलायचं त्याच्या जिवावर आलं.

शेठचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "पावसात थोडी ओल येणारच. एवढ्याशा पाण्याने काय होतं?"

"दवाखान्यात चला," मी म्हणालो, "त्या बाईच्या पायाला विचारू."

मग त्याच्या फिटरला बोलावलं. त्याने फारसे आढेवेढे न घेता सांगून टाकलं. पाणी खालच्या भोकातून शिरतं असं समजून शेठनेच मागे ते बुजवायला लावलं होतं. पाणी शिरत होतं कुजलेल्या रबरातून, आणि बाहेर पडायची वाट बंद! अपघातानंतर पहाटे त्यालाच उठवून दिवे साफ करून घेतले होते. अलिबागच्या मोटार इन्स्पेक्टरांनी नंतर सांगितलं, काच उतरवून दिवा उन्हात वाळवायचा, रबर नवं घालायचं आणि भोक मोकळं ठेवायचं. सकाळचं काम, बस्स. त्या एका सकाळच्या आळसापायी एक बाई जन्माची लंगडी झाली.

ड्रायव्हरविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे पाठवला आणि पुरावा नष्ट केल्याबद्दल, खोटी फिर्याद दिल्याबद्दल शेठवर खटला भरला. त्याला दंड झाला. नुसता दंड! मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

या प्रकरणानंतर एक गोष्ट मी पक्की धरली. अपघात झाला की स्टिअरिंगवर बसलेला माणूस आयता हाती लागतो, म्हणून आपण त्यालाच धरतो. गाडी त्याच्या हाती कोणत्या अवस्थेत दिली हे विचारायला कुणी जात नाही. पुढे प्रत्येक अपघातात मी मालकाचा जबाब आधी घेतला.

निकालाच्या दिवशी शेठ कोर्टाबाहेर आला तो पान खातच. पायरीशी ड्रायव्हर उभा होता. शेठ हसत म्हणाला, "चल, झालं गेलं विसर. उद्यापासून गाडीवर ये. रबर नवं टाकलंय."

ड्रायव्हरने खांद्यावरचा तो तेलकट फडका काढला आणि शेठच्या हातात ठेवला.

"शेठ, आता तुमीच पुसा," म्हणाला, आणि दवाखान्याच्या दिशेने चालू लागला. इतके महिने खाटेवर काढलेल्या त्या बाईला घरी न्यायला त्या दिवशी तिच्या गावाहून डोली यायची होती, आणि ती उचलायला एक खांदा कमी पडत होता.